बॉयलरमनची ओळख पटली

"ओळख पटली. बॉयलरमन. पहिली पाळी," असं साबणाच्या कारखान्याच्या गेटवरचं यंत्र बोललं आणि समोरची गर्दी एकदम गप्प झाली. यंत्र बोललं यात नवल नव्हतं, ते रोज सकाळी शेकडो माणसांना हेच ऐकवतं. पण आमच्या बॉयलरमनला जाऊन महिना होऊन गेला होता. यंत्राच्या आरशाला डोळे लावून उभा होता तो पायघोळ निळा झगा घातलेला एक दाढीवाला. आठ दिवसांपूर्वी गावात उगवला होता आणि लोक त्याला बुबुळबाबा म्हणत होते.

मग जो गलका झाला तो विचारू नका. पॅकिंगमधल्या बायका रडायला लागल्या. तोलाईवाल्याने जेवणाचा डबा खाली ठेवून हात जोडले, आणि त्या डब्यावर मागच्याचा पाय पडला तरी कोणाला पत्ता नाही. मॅनेजरसाहेब चांगले इंजिनियर माणूस, पण तेही चष्मा पुसत म्हणाले, यंत्र खोटं बोलत नसतं. त्या गर्दीत माझी थोरली बहीणही होती. बॉयलरमन म्हणजे तिचा नवरा, माझे भाऊजी. ताई मटकन फूटपाथवर बसली आणि त्या दाढीवाल्याकडे बघून म्हणाली, "अहो, जेवलात का?"

माझं चष्म्याचं दुकान गेटच्या अगदी समोर आहे. काउंटरमागून मला सगळं दिसलं, ऐकूही आलं, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

आता हे यंत्र काय प्रकरण आहे ते आधी सांगते. साबण करायला कॉस्टिक सोडा लागतो, आणि त्यात वर्षानुवर्षं काम केलं की बोटांची कातडी इतकी गुळगुळीत होते की ठसे झिजून जातात. कारखान्याने हजेरीसाठी आधी अंगठ्याचं यंत्र आणलं होतं, पण त्या यंत्राने या लोकांपुढे अक्षरशः हात टेकले. म्हणून मग डोळ्यांचं आणलं. डोळ्याच्या काळ्या बाहुलीभोवती जो तपकिरी गोल पट्टा असतो, त्याला आपण बुबुळ म्हणतो. त्याच्यावर बारीक नक्षी असते. ती प्रत्येकाची वेगळी, जुळ्या भावांचीसुद्धा वेगळी, आणि साधारण जन्मभर तीच राहते. यंत्र तिचा फोटो घेतं आणि आधी साठवलेल्या फोटोंशी ताडून बघतं. जुळला की ओळख पटली, गेट उघडलं. नावं भरत बसायला नको म्हणून ऑफिसने यंत्रात नुसते हुद्दे भरले होते. त्यामुळे पॅकिंगच्या बायका 'पॅकिंग चार', 'पॅकिंग नऊ' अशा होत्या. भाऊजी एकटेच बॉयलरवर, म्हणून ते नुसते 'बॉयलरमन'. ते गेल्यावर नवीन माणूस आला त्याला 'बॉयलरमन नवीन' म्हणून घातलं, आणि जुन्याला काढायचं काम तिथल्या ऑफिसच्या रीतीप्रमाणे उद्यावर गेलं.

त्याच संध्याकाळी बाबा ताईच्या घरी आला आणि बाहेरच्या खोलीत भाऊजींच्या खुर्चीत बसला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. ताईने भाऊजींच्या चपला काढून दिल्या, त्या त्याला लहान झाल्या. टाचा बाहेर लोंबत होत्या. तर म्हणतो कसा, आत्मा मोकळा झाला की पाय पसरतो.

खोली गच्च भरली होती. बाबाने डोळे वटारून प्रवचन सुरू केलं. "बुबुळ म्हणजे आत्म्याचा बारकोड. शरीर हे नुसतं पाकीट. पाकीट फाटलं तरी बारकोड शाबूत राहतो. मी माझ्या बुबुळात जागा रिकामी करून देतो, मग गेलेला आत्मा येऊन बसतो." मी विचारलं, किती वेळ बसतो? तो म्हणाला, ते तरंगांवर अवलंबून आहे. कसले तरंग, असं विचारलं तर म्हणाला, अश्रद्ध माणसाला मोजता येत नाहीत असे. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण लोक माना डोलावत होते, आणि मॅनेजरसाहेबांनी 'बारकोड' हा शब्द दोनदा घोळवून पाहिला.

मग दर्शनाची रांग लागली. बाबा एकेकाच्या डोळ्यांत बघायचा आणि म्हणायचा, "हनुवटी वर. डोळे मोठे. पापणी हलवू नका. झालं, पुढचा." हे ऐकून माझे कान टवकारले. मी आजवर पाहिलेले झाडून सगळे बाबा भक्तांना डोळे मिटायला सांगतात. हा पहिलाच, जो उघडायला सांगत होता, आणि तेही थेट आमच्या धंद्यातल्या बोलीत. दिवसभर गिऱ्हाइकांना मी दुसरं काय सांगते? मी सहज विचारलं, बाबा, पूर्वी कुठे होतात? म्हणाला, गुहेत होतो. गुहेत एवढी कसली घाई असते की 'झालं, पुढचा' म्हणायची सवय लागावी, हे विचारायच्या आत ताईने माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

पुढचे दिवस गावाने काय ताळतंत्र सोडला म्हणता. कोणीतरी अफवा उठवली की उघड्या डोळ्यांतून बारकोड चोरीला जातो. झालं, माझ्या दुकानातले सगळे काळे चष्मे संपले, पावसाळी ढगात माणसं काळे चष्मे घालून एकमेकांना धडकायला लागली. शेजारचा न्हावी बायकोशी न पटण्याचं कारण बुबुळात शोधायला बाबाकडे गेला. बाबाने सांगितलं, तुझ्या बुबुळात तुझा आजा बसला आहे. न्हावी घरी जाऊन बायकोला अहो-जाहो करायला सांगू लागला. कारखान्याच्या ऑफिसने तर कहर केला. यंत्रात बॉयलरमनची पहिल्या पाळीची हजेरी लागली होती, पण पाळी संपल्याची नोंद नव्हती. ताईच्या घरी भाऊजींच्या नावाने नोटीस आली, कामाच्या वेळेत न सांगता निघून गेल्याबद्दल खुलासा करावा. ताईने ती बाबासमोर ठेवली. बाबा म्हणाला, साहेबांना सांग, पुढच्या वेळी सांगून जाईन.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण ताईच्या डोळ्यांचा प्रश्न होता.

भाऊजी असतानाच ताईला संध्याकाळी दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली होती, कपाळ दुखायचं. मीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं होतं. बाईंनी आम्हाला नीट समजावलं होतं. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं आणि बारीक वाटेने बाहेर जातं. ताईची ती वाट अरुंद झाली होती आणि आतला दाब वाढत होता. लेझरने बुबुळाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडलं की पाण्याला दुसरी वाट मिळते. भूल म्हणून दोन थेंब, पाच मिनिटांचं काम, चालत घरी. नाही केलं तर एखाद्या दिवशी वाट पूर्ण बंद होईल आणि नजर जाईल. या आजारात गेलेली नजर परत येत नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं होतं. भाऊजींच्या आजारपणात ते लांबलं, ते गेल्यावर आणखी लांबलं, आणि आता कुठे मी तारीख घेतली होती.

लेझर करू का, असं ताईने बाबाला विचारलं. म्हणजे तिच्या मते तिने नवऱ्याला विचारलं. बाबाने डोळे फिरवले आणि आवाज खर्जात नेला. "वरतीसुद्धा गेट आहे. तिथेही बुबुळच बघतात. भोक पाडून आलीस तर यंत्र म्हणेल, ओळख पटली नाही. मी आत, तू बाहेर. मग उभी राहा जन्मभर."

मेल्यावर जन्मभर कशी उभी राहणार, हे कोणी विचारलं नाही. ताईने लेझर करायला ठाम नकार दिला.

मी तिच्याशी भांडले, हातापाया पडले, पुन्हा भांडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ती म्हणाली, "तुझा नवरा घरात घोरत पडलाय, तुला काय कळणार? मला एकदा त्यांनी ओळखलं पाहिजे, बस." रडू आलं मला, आणि त्या रडण्याचा राग आला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय ही म्हण आपण सहज वापरतो, पण माझी सख्खी बहीण आंधळी व्हायच्या वाटेवर होती आणि कुत्रं तिच्याच घरी नवऱ्याच्या खुर्चीत बसून चहात बिस्किटं बुडवत होतं.

अशात एका दुपारी गेटवरचे वॉचमन आप्पा चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला दुकानात आले. जरा वेळ घुटमळले आणि म्हणाले, बाई, एक विचारायचं होतं, पण हसू नका. यंत्राने भाऊंना, म्हणजे तुमच्या भाऊजींना, जिवंतपणी एकदाही ओळखलं नव्हतं.

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आप्पांनी सांगितलं ते असं. भाऊजी रोज सकाळी यंत्रासमोर उभे राहायचे, यंत्र रोज म्हणायचं, ओळख पटली नाही, कृपया पुन्हा पाहा. भाऊजी त्याला म्हणायचे, "बरं बाई, तुझी मर्जी," आणि मग आप्पा बटण दाबून गेट उघडायचे आणि हजेरी हाताने लावायचे. इतकी वर्षं हा नेम होता. आप्पांनी हे बाबाच्या दरबारातही सांगून पाहिलं होतं. बाबा म्हणाला, तेव्हा आत्मा शरीराआड होता, आता समोर आला. सगळ्यांना ते पटलं आणि आप्पांनाच वेड्यात काढलं.

मला मात्र भाऊजींचे डोळे आठवले. बॉयलरच्या झळा आणि धूळ खाऊन त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मांस वाढलं होतं, लाल पदर थेट बुबुळावर चढलेला. काढून घ्या म्हणून मी त्यांच्या कितीतरी वर्षं मागे लागले होते. त्या पदराआडची नक्षी कुठल्याही यंत्राला दिसणं कठीण. मग यंत्रात बॉयलरमन म्हणून जो फोटो साठवलाय, तो कोणाच्या डोळ्याचा आहे? मी आप्पांना विचारलं, सुरुवातीला नोंदणी झाली तेव्हा काय झालं होतं? ते म्हणाले, एक लॅपटॉपवाला आला होता, कॉस्टिकच्या वासाने तोंडाला फडकं आणि डोक्यावर टोपी. भाऊंचा डोळा काही केल्या घेईना. गाडी गाठायची म्हणून तो घाईत होता. म्हणाला, काका तुम्ही जा, मी बघतो.

"आणि त्याने बघितलं," मी म्हणाले. आप्पांना काही कळलं नाही, पण मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी मी ताईला घेऊन गेटवर गेले. बाबा तिथे होताच, त्याचं रोजचं दुकान तिथेच लागायचं. मी पदर खांद्यावरून घेऊन शक्य तेवढा गरीब चेहरा केला आणि म्हणाले, बाबा, माझे डोळे उघडले. आता आमच्या पॅकिंगच्या सुपरवायझरबाईंना त्यांच्या गेलेल्या सासूबाईंना भेटवा. त्याही इथेच पॅकिंगला होत्या, यंत्रात त्यांची नोंद आहे. सुपरवायझरबाई दचकल्या, कारण सासूबाईंना भेटायची त्यांना मुळीच हौस नव्हती. पण गर्दीने उचलून धरलं.

बाबा म्हणाला, सासू दमलेली आहे. गर्दी म्हणाली, थोडा वेळ बोलवा. शेवटी बाबाने पुटपुटत, झगा हलवत यंत्रात पाहिलं. यंत्र म्हणालं, "ओळख पटली. बॉयलरमन. पहिली पाळी."

"सासूबाईंना बोलावलं आणि आले आमचे भाऊजी," मी म्हणाले. बाबा म्हणाला, बॉयलरमन मध्ये घुसला, त्याला फार ओढ आहे. तेव्हा ताईच्या कपाळावर पहिली आठी पडली. ती हळूच म्हणाली, हे कधी रांग मोडत नसत. मी म्हणाले, बरं, मग जुन्या मॅनेजरसाहेबांना बोलवा, तेही गेलेत. बाबाने तोंड वाकडं करून पुन्हा पाहिलं. पुन्हा बॉयलरमन. न्हावी म्हणाला, माझ्या आज्याला बोलवा. त्याचा आजा साबणाच्या कारखान्यात कधी नव्हताच, पण आता लोकांना गंमत वाटायला लागली होती. बाबाने जाहीर केलं की तरंग संपले, आता कोणीही येणार नाही, बुबुळ रिकामं आहे.

"नक्की रिकामं?" मी विचारलं. "अगदी रिकामं," तो म्हणाला. मी म्हणाले, ठीक आहे बाबा, पण तुमच्या दाढीत बिस्किटाचा तुकडा अडकलाय. बाबा दाढीला फार जपायचा. समोर आरसा होता तो यंत्राचाच. त्याने सवयीने वाकून पाहिलं, आणि यंत्र म्हणालं, "ओळख पटली. बॉयलरमन. पहिली पाळी."

असं हसणं त्या रस्त्याने कधी ऐकलं नसेल. मॅनेजरसाहेब तेवढे हसले नाहीत. मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणालात तेच खरं. यंत्र खोटं बोलत नाही. पण त्याला नाव कळत नाही, त्याला फक्त डोळा कळतो. कोणत्या डोळ्याला काय नाव द्यायचं ते माणूस सांगतो. या माणसाचा डोळा यंत्रात बॉयलरमन म्हणून बसवलाय. तो बसवणार कोण? भाऊजींचा डोळा घेता आला नाही, तेव्हा गाडी गाठायच्या घाईत ज्याने स्वतःचा डोळा लावला तो."

सुपरवायझरबाईंनी एकदम बोट रोखलं. "हनुवटी वर, पापणी हलवू नका, झालं, पुढचा. अहो, हा तर तोच लॅपटॉपवाला." त्या दिवशी त्याने सगळ्या कारखान्याच्या डोळ्यांत पाहिलं होतं, आणि त्याचा चेहरा मात्र कोणीच पाहिला नव्हता. बाबा ओरडला, यंत्र बिघडलंय. कालपर्यंत ते देवाच्या गेटचं भावंड होतं, आज बिघडलं.

पण ताई हसत नव्हती. ती पुढे गेली, त्याची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवून अगदी जवळून त्याचे डोळे बघितले. "स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "एक लाल रेघ नाही. मी रोज रात्री त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची. मला माहीत नाहीत का त्यांचे डोळे? यंत्राने सांगितलं आणि मी बघायचंच सोडून दिलं." मग माझ्याकडे वळून खाली मान घालून म्हणाली, परवा डावा डोळा फार दुखला गं. उलट्या झाल्या, सगळं धुरकट झालं. तुला नाही सांगितलं. याला सांगितलं, तर म्हणाला, मी तुझ्या डोळ्यात घर बदलतोय, जरा सहन कर.

मी त्या माणसाच्या अंगावर धावून जाणार होते, पण तेवढाही वेळ घालवायचा नव्हता. ताईला रिक्षात घातलं आणि थेट डॉक्टरबाईंकडे नेलं. बाबाचं काय झालं ते आप्पांनी नंतर सांगितलं. यंत्राने गेट उघडून ठेवलं होतंच, तो घाबरून आतच पळाला आणि दिवसभर साबणाच्या खोक्यांमागे लपून बसला. संध्याकाळी पोलिसांनी त्याला धरून गेटवर आणलं, तेव्हा यंत्र त्याला गोड आवाजात म्हणालं, ओळख पटली, बॉयलरमन, पाळी संपली.

डॉक्टरबाईंनी आधी औषधांनी दाब उतरवला आणि मग दोन्ही डोळ्यांना लेझर केलं. उजवा डोळा वाचला. डाव्याची बाहेरच्या बाजूची नजर गेली, ती गेलीच. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ठरलेल्या तारखेला आणलं असतं तर हे झालं नसतं. घरी आल्यावर ताईने विचारलं, आता ते मला ओळखतील ना गं? मी म्हणाले, ताई, भाऊजींना यंत्र ओळखत नव्हतं, तरी तू ओळखत होतीस. ती बराच वेळ रडली आणि मग शांत झोपली.

मला मोठं काही सांगायचं नाही. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एक साधा प्रश्न विचारा. हेच दुसऱ्या माणसाबरोबर, दुसऱ्या वेळी, मंत्र न म्हणता करून दाखवता का? यंत्राने, पुस्तकाने, साहेबाने सांगितलं म्हणून आपले डोळे बंद करू नका, यंत्राला ते कोणी शिकवलं तेही विचारा. आणि घरात कोणाला दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर त्याला आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. ताईला डावीकडून आलेलं माणूस अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. रस्त्याने जाताना मी तिच्या डाव्या बाजूने चालते.